पहिलं बाळ, नोकरी आणि शेवटचे तीन महिने: नागपुरात तयारी कशी करावी

झबली, टोपरी, दुपटी, मच्छरदाणी ही सगळी खरेदी सीताबर्डीत किंवा इतवारीत एका संध्याकाळी उरकते. नाही उरकली तरी बाळ झाल्यावर नवरा जाऊन आणू शकतो. रजेचा अर्ज, इन्शुरन्सची विचारपूस, ऑफिसचं काम दुसऱ्याच्या हाती देणं आणि सव्वा महिना घरात कोण राहणार हे ठरवणं, ही मात्र एका संध्याकाळची कामं नाहीत. तरी बहुतेक घरांत झबली आधी येतात आणि अर्ज शेवटी जातो. खालचा क्रम म्हणून उलटा लावला आहे: कागद आणि माणसं आधी, वस्तू शेवटी.

पायरी १: अठ्ठाविसावा आठवडा लागताच डॉक्टरांना नेमकं विचारा

"काम करू का?" असं मोघम विचारलं की "करा, पण जपून" असं मोघम उत्तर मिळतं. त्यापेक्षा आपला दिवस सांगा. बेसाहून हिंगणा एमआयडीसीत कंपनीच्या बसने जाते, आठ तास खुर्चीत, दोन मजले जिना. किंवा शाळेत पाच तास उभी असते. मग डॉक्टर काय बंद करायचं आणि कधीपासून ते सांगू शकतात. बीपी आणि शुगर ठीक असेल, वार (प्लॅसेंटा) जागेवर असेल, तर बसून काम करणाऱ्या बऱ्याच जणी छत्तीस-अडतीस आठवड्यांपर्यंत आरामात ऑफिसला जातात. घरच्यांचं "कशाला जाऊन राहिली आता, बस घरी" हे मायेचं बोलणं आहे, पण तो वैद्यकीय सल्ला नव्हे.

याच भेटीत शुगरची तपासणी (२४ ते २८ आठवड्यांतली) झाली आहे ना, हिमोग्लोबिन ११ च्या खाली तर नाही, रक्तगट निगेटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारासचं इंजेक्शन घ्यायचं का, हे विचारून घ्या. इथून पुढे साधारण दर पंधरा दिवसांनी आणि छत्तीस आठवड्यांनंतर दर आठवड्याला तपासणी असते. त्या तारखा आत्ताच ऑफिसच्या कॅलेंडरवर टाकून मोकळ्या व्हा.

पायरी २: रजेचा हिशोब कागदावर मांडा

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेत, अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेलं असेल, तर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या सुधारणेआधी ती १२ आठवडेच होती. राज्य सरकारी नोकरीत १८० दिवस आहेत. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर रजेचे पैसे कंपनीऐवजी ईएसआयकडून येतात. त्यामुळे त्यांचा कार्ड नंबर आणि दवाखाना आधीच माहीत करून ठेवा.

या २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. इथेच विचार करायचा. आठही आधी घेतले तर बाळ झाल्यावर १८ उरतात, म्हणजे जेमतेम चार महिने. दोनच आधी घेतले तर २४ उरतात, म्हणजे साडेपाच महिने. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्यायचं असतं. आज सोफ्यावर घालवलेला प्रत्येक आठवडा तिकडून वजा होतो. शिवाय पहिलटकरणीचं बाळ तारखेच्या पुढेही जातं. तेव्हा वाट पाहण्यात गेलेली रजा परत मिळत नाही. तब्येत साथ देत असेल तर सदतीस-अडतीस आठवड्यांपर्यंत काम करावं असं माझं स्पष्ट मत आहे. साथ देत नसेल तर हा हिशोब फाडून टाका आणि खुशाल घरी बसा.

अर्ज लेखी द्या, ईमेलने. त्यात अपेक्षित तारीख, रजा कधीपासून, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. साहेबांचं तोंडी "हो हो, घ्या की" पुढे साहेब बदलले की कुणालाच आठवत नाही. त्याच ईमेलमध्ये पाळणाघराचं विचारा (५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर ती सोय देणं बंधनकारक आहे) आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा मिळणाऱ्या दूध पाजण्याच्या सुट्टीचंही. काम उभं राहण्याचं किंवा जड असेल तर तारखेआधीच्या साधारण शेवटच्या दहा आठवड्यांत मागणी केल्यावर ते काम देता येत नाही. शिक्षिका, नर्स आणि दुकानातल्या मुलींनी हा मुद्दा जरूर वापरावा. खुर्ची मागणं म्हणजे उपकार मागणं नाही.

इन्शुरन्स कंपनीचा असेल तर एचआरला पाच प्रश्न: बाळंतपणासाठी मर्यादा किती, नॉर्मल आणि सिझेरियनची वेगवेगळी आहे का, खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का, आपलं हॉस्पिटल कॅशलेस यादीत आहे का, बाळाचं नाव किती दिवसांत चढवायचं. स्वतःची पॉलिसी असेल तर तिच्यात बाळंतपणासाठी थांबण्याचा काळ ठरलेला असतो. तो संपला आहे का, हे आत्ताच पाहा.

पायरी ३: माहेर की नागपूर?

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. माहेर वर्धा, यवतमाळ किंवा गोंदियाला असेल आणि नोकरी नागपुरात, तर निर्णय बत्तिसाव्या आठवड्यापर्यंत व्हायला हवा. तिकडच्या डॉक्टरांनी तुम्हाला कळा सुरू झाल्यावर पहिल्यांदा पाहू नये. जायचं ठरलं तर चौतीस ते छत्तीस आठवड्यांत जा, संपूर्ण फाइल घेऊन: सगळ्या सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट, रक्तगट. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग तिथून किती दूर आहे, हेही विचारा. बीपी, शुगर किंवा जुळं असेल तर मी रीतीपेक्षा अंतर बघेन.

हल्ली आईच नागपूरला येऊन राहते, आणि नोकरीवाल्या मुलीला ते जास्त सोयीचं पडतं, कारण शेवटपर्यंत डॉक्टर एकच राहतात. पण आईच्या येण्याची तारीख ठरवताना "पंधरा तारखेला बाळ, म्हणून तेराला ये" असं करू नका. सदतीस आठवडे पूर्ण झाले की बाळ कधीही येऊ शकतं. आई तेव्हाच आलेली बरी.

सरकारी दवाखान्यात करायचं असेल तर डागा, मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स हे पर्याय आहेत. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत असतं. नाव मात्र आधी नोंदवा आणि कार्ड करून घ्या.

पायरी ४: जाणं-येणं आणि बसणं

अॅक्टिव्हावर वाढलेल्या नागपूरकर मुलीला गाडी सोडायला सांगणं कठीण असतं, पण आठव्या महिन्यात पोट हँडलला टेकायला लागतं आणि तोल बदललेला असतो. तिथे गाडी बंद. मेट्रोचा मार्ग सोयीचा असेल तर ती सगळ्यात कमी हिसके देते. सीताबर्डीला ऑरेंजवरून अॅक्वा लाइनला जाताना जिना टाळून लिफ्ट वापरा आणि सीट बिनधास्त मागा. कारमध्ये सीटबेल्ट लावायचाच, खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांवरून.

ऑफिसात पायाखाली काहीतरी हवं. ए-फोर कागदाचे दोन न उघडलेले गठ्ठे एकावर एक ठेवले की उंची बरोबर जमते. अर्ध्या-पाऊण तासाने उठायचं. पाण्याची बाटली मुद्दाम छोटी ठेवा, म्हणजे भरायला उठावंच लागतं. चेहरा किंवा हात अचानक सुजले तर मात्र ते बसून राहण्याने झालं असं गृहीत धरू नका. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पायरी ५: डबा, तहान आणि मे महिना

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका. लोहाच्या गोळीला चहापासून तासभर तरी लांब ठेवा. संत्र्याबरोबर घेतली तर ती चांगली अंगी लागते, आणि संत्र्याला आपल्याकडे तोटा नाही. सावजी आणि तर्रीपोहे मनाई नाहीत, पण पोटात जागा उरलेली नसताना रात्री दहाला सावजी खाल्लं तर पहाटे दोनला छातीतल्या जळजळीने उठायची तयारी ठेवा. डबा एकाऐवजी दोन भागांत न्या, अकराला अर्धा आणि दोनला अर्धा.

शेवटचे महिने एप्रिल-मेमध्ये आले तर हाच मुद्दा सगळ्यांत मोठा होतो. नागपूरचा पारा ४५ च्या आसपास जातो, आणि अंगातलं पाणी कमी झालं की पोट कडक होण्याच्या कळा वाढतात. शक्य असेल तर ऑफिसची वेळ सकाळी लवकरची मागून घ्या, किंवा नवतपाचे (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ) दिवस घरून काम. ताक, लिंबूपाणी, ओआरएस चालू ठेवा. शुगर असेल तर पन्ह्यातला गूळ डॉक्टरांना विचारून. लघवीचा रंग गडद झाला तर पाणी कमी पडतंय. घरात लाइट जाण्याचा त्रास असेल तर इन्व्हर्टरची बॅटरी आत्ताच तपासून घ्या. पाळण्यापेक्षा ती महत्त्वाची.

पायरी ६: काम चौतिसाव्या आठवड्यात देऊन टाका

रजा अडतिसाव्या आठवड्यापासून असली तरी हस्तांतर चौतिसाव्यातच. एक तक्ता करा: काम, ते कुठपर्यंत आलं आहे, पुढची तारीख, कोणाला फोन करायचा, फाइल कुठे आहे. मग शेवटचे तीन-चार आठवडे तो सहकारी तुमच्यासमोर काम करतो आणि तुम्ही फक्त अडलं तर सांगता. रोज संध्याकाळी निघताना टेबल असं ठेवा की उद्या आला नाहीत तरी कुणाचं काही अडणार नाही. रजेत फोन घ्यायचा की नाही, हेही आधीच बोलून घ्या. "लागलं तर करा" म्हटलं की रोज लागतं.

पायरी ७: कधी निघायचं, कुठून जायचं

बाळाची हालचाल रोज एका ठरलेल्या वेळी मोजा. ऑफिसात मीटिंगच्या नादात ती जाणवत नाही, म्हणून रात्री जेवल्यावर डाव्या कुशीवर पडून. दोन तासांत दहा हालचाली व्हायला हव्यात. कमी वाटल्या तर सकाळची वाट न पाहता फोन करा.

खालच्यापैकी काहीही झालं तर "ही मीटिंग संपली की जाते" नाही:

- अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं
- खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, छातीखाली पोटात दुखणं, चेहऱ्यावर सूज
- ताप
- तळहात-तळपायांना न थांबणारी खाज

साध्या कळा असतील तर पहिल्या बाळाला सहसा वेळ मिळतो. दर पाच मिनिटांनी, एकेक मिनिट टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायचं. सदतीस आठवड्यांच्या आत नियमित कळा आल्या तर मात्र तास मोजत बसू नका, लगेच फोन. शेजारी बसणाऱ्या एका सहकारी बाईला हे सगळं सांगून ठेवा, नवऱ्याचा नंबर आणि हॉस्पिटलचा नंबर द्या. १०८ तर आहेच.

धंतोली-रामदासपेठेतलं हॉस्पिटल असेल तर संध्याकाळी सहाला ऑफिसमधून एकदा जाऊन पाहा. गाडी कुठे लागते आणि रात्री कोणतं दार उघडं असतं, हे तेव्हाच कळतं. पावसाळ्यात नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचतं. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलावाचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा नेहमीचे रस्तेच उरले नव्हते. दुसरा रस्ता म्हणूनच माहीत हवा. तारीख कॅलेंडरवरही ताडून पाहा: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीला, इतवारी-महालात गाडी हलत नाही, दसऱ्याला दीक्षाभूमीच्या भोवतालचे रस्ते गर्दीने भरलेले असतात, आणि डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असेल तर बर्डी-सिव्हिल लाइन्समध्ये मोर्चे आणि बॅरिकेड.

पायरी ८: पिशवी

पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत भरून दाराजवळ. फाइल, आधार कार्ड, इन्शुरन्स कार्ड, पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, मोठे पॅड, चपला, चार्जर. बाळासाठी धुतलेली जुनी सुती दुपटी, टोपरं, मोजे, लंगोट. बाळ येण्याआधी नवे कपडे घेत नाहीत असं घरात असेल तर वाद घालू नका, नात्यातल्या मुलाचे उतरलेले कपडे मागून आणा. ते जास्त मऊ असतात.

पायरी ९: घरातल्या मोठ्यांशी आधीच बोला

हे बाळंतिणीने टाके दुखत असताना बोलायचं नाही. नवव्या महिन्यात, नवऱ्याने, शांतपणे: "आई, डॉक्टरांनी सांगितलंय की घुटी, मध, साखरेचं पाणी काहीच नको, पहिल्या तासात अंगावर पाजायचं, चिकाचं दूध टाकायचं नाही. काजळही नको." डॉक्टरांचं नाव पुढे केलं की बरंच सोपं जातं. बंद खोलीतली कोळशाची शेगडी नको. तिचा धूर आणि वायू दोन्ही बाळाला घातक. कूलरची हवा थेट बाळावर येऊ देऊ नका. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू मात्र आईला हवे तेवढे करू द्या.

मालिशवाली आणि स्वयंपाकाची बाई आठव्या महिन्यातच ठरवा. चांगल्या बाया आधीच बांधलेल्या असतात.

पायरी १०: बाळ झाल्यावरचे तीन कागद

हे काम नवऱ्याच्या नावावर आत्ताच लिहून टाका. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. हॉस्पिटल ती पाठवतं, पण आई-वडिलांच्या नावांची अक्षरं आधार कार्डाप्रमाणे आहेत ना, हे फॉर्मवर सही करण्याआधी पाहायचं. बाळाचं नाव ठरलं नसेल तरी नोंद होते, नाव नंतर घालता येतं. दुसरा कागद एचआरला: बाळ जन्मल्याची तारीख, पुराव्यासह. तिसरा इन्शुरन्सला, बाळाचं नाव चढवण्यासाठी, मुदतीच्या आत.