रविवारी जॉर्जिया घ्यायचाय, त्याआधी एवढं तयार ठेवा

मंडळी, रविवारच्या अभ्यासगटात जॉर्जिया हा देश आणि युरोप-अमेरिका हा विषय आहे, आयत्या वेळी मोबाईलवर शोधाशोध नको म्हणून यादी टाकतेय, शनिवार रात्रीपर्यंत हे झालेलं हवं.

सगळ्यात आधी नकाशा, जमलं तर प्रिंट काढलेला, कारण त्यावर पेनाने खुणा करायच्यात. वर रशिया, डावीकडे काळा समुद्र, खाली तुर्की आणि आर्मेनिया, उजवीकडे अझरबैजान. अबखाझिया आणि दक्षिण ओसेटिया हे जॉर्जियातून फुटलेले प्रदेश वेगळ्या रंगाने रंगवा, देशाची साधारण २० टक्के जमीन आहे ती आणि तिथे रशियन सैन्य बसलंय. मग बाकू-त्बिलिसी-जेहान तेलाची पाइपलाइन ओढा (बाकू अझरबैजानात, त्बिलिसी ही जॉर्जियाची राजधानी, जेहान तुर्कीत), १७६८ किलोमीटर, रशिया आणि इराण दोघांना वळसा घालून कॅस्पियनचं तेल भूमध्य समुद्राला पोचतं. वॉशिंग्टनला इथे इंटरेस्ट का, याचं निम्मं उत्तर त्या रेघेत आहे.

तारखा मोजक्याच पाठ करा. ९ एप्रिल १९९१ ला स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि ९ एप्रिलच का तर १९८९ साली त्याच दिवशी सोव्हिएत सैन्याने त्बिलिसीत निदर्शकांवर हल्ला केला होता, २१ माणसं गेली, त्यात बायका जास्त. हे माहीत नसेल तर पुढचं सगळं कोरडं वाटेल. नंतर २००३ ची रोज रेव्होल्यूशन म्हणजे गुलाब क्रांती, राष्ट्राध्यक्ष शेवर्दनाद्झे पायउतार झाले, त्यांच्या जागी साकाशविली आले, आणि देश उघडपणे पश्चिमेकडे वळला.

आता एप्रिल २००८, बुखारेस्टची नाटो परिषद, यावर खरंच वेळ घालवा. अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना जॉर्जिया आणि युक्रेनला सदस्यत्वाच्या वाटेवर घ्यायचं होतं, जर्मनी-फ्रान्स नको म्हणाले, आणि मधला मार्ग म्हणून ठरावात लिहिलं की हे देश पुढे सदस्य होतील, पण कधी आणि कसं याचा कार्यक्रम काही दिला नाही. म्हणजे जेवायला या म्हटलं पण दिवस सांगितलाच नाही, आणि शेजारी रशिया मात्र चिडला. चार महिन्यांत ऑगस्टमधलं रशिया-जॉर्जियाचं पाच दिवसांचं युद्ध, फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी यांच्या मध्यस्थीने शस्त्रसंधी, २६ ऑगस्टला रशियाने अबखाझिया आणि दक्षिण ओसेटिया दोन्हींना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. युद्ध कोणी सुरू केलं यावर वाद होणार, तेव्हा युरोपियन युनियनने नेमलेल्या चौकशीचा २००९ चा अहवाल वाचून या, त्यात पहिला मोठा मारा जॉर्जियाच्या बाजूने झाला असं म्हटलंय आणि आधीची रशियन चिथावणी आणि नंतरची अती कारवाई दोन्हींवर ठपका आहे. माझं मत विचाराल तर पश्चिमेने अर्धवट आश्वासन दिलं ही मोठी चूक, आणि तिची किंमत जॉर्जियातल्या गोरी शहराच्या आसपासच्या गावांनी भरली. एवढं होऊनही जॉर्जियाचे सैनिक नाटोबरोबर अफगाणिस्तानात लढत राहिले, ३० हून जास्त तिथे मेले, हा मुद्दा कोणीतरी बोलाच.

पुढचं पटकन: युरोपियन युनियनबरोबरचा २०१४ चा असोसिएशन म्हणजे सहकार्याचा करार, २०१७ पासून युरोपात व्हिसाशिवाय प्रवास, मार्च २०२२ मध्ये युनियनच्या सदस्यत्वाचा अर्ज, डिसेंबर २०२३ ला उमेदवार देशाचा दर्जा.

आणि मग २०२४, इथे सावकाश. परदेशातून २० टक्क्यांहून जास्त पैसा घेणाऱ्या संस्थांनी परकीय हितासाठी काम करणाऱ्या म्हणून नोंदणी करायची असा कायदा मे महिन्यात आला, तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष सालोमे झुराबिशविली यांनी नकाराधिकार वापरला, संसदेने तो फिरवला. (या बाई पूर्वी त्बिलिसीतच फ्रान्सच्या राजदूत होत्या, हे लक्षात ठेवा.) ऑक्टोबरच्या वादग्रस्त निवडणुकीनंतर २८ नोव्हेंबरला पंतप्रधान कोबाखिद्झे म्हणाले की २०२८ संपेपर्यंत युरोपियन युनियनमधल्या प्रवेशाची बोलणी घ्यायची नाहीत, आणि त्बिलिसीतला मुख्य रुस्तावेली रस्ता निदर्शकांनी भरला, थंडीत, पाण्याचे फवारे अंगावर घेत. अमेरिकेने लगेच धोरणात्मक भागीदारी थांबवली, डिसेंबरअखेर सत्ताधारी जॉर्जियन ड्रीम पक्षाचे संस्थापक बिद्झिना इवानिशविली यांच्यावर निर्बंध आले. वाचताना सरकार आणि लोक हे दोन वेगळे कॉलम करा, नाहीतर 'जॉर्जिया रशियाकडे गेला' असं एका वाक्यात उरकून टाकाल आणि त्या रस्त्यावरच्या पोरांवर अन्याय होईल. शिवाय घटनेच्या ७८ व्या कलमात युरोप आणि नाटोत सामील होण्याचं ध्येय लिहिलेलं आहे, ते सरकारच्या आताच्या वागण्याशेजारी ठेवून बघा.

ज्यांच्या ओळखीतली मुलं तिथे एमबीबीएसला आहेत त्यांनी फोन करून रोजचं वातावरण विचारा, नावं मात्र गटात सांगू नका. गोव्याचा धागा माझ्याकडे राहू दे, जुन्या गोव्यात सापडलेले जॉर्जियाच्या राणी केतेवान यांचे अवशेष २०२१ मध्ये जयशंकर यांनी त्बिलिसीत सुपूर्द केले, त्यावर पाच मिनिटं बोलते. नकाशाच्या प्रिंट सहा लागतील, कोण काढतंय ते उद्यापर्यंत कळवा.