चैत्रातलं परस: पेरणी नाही, राखण

माघ संपत आला की माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुली विचारायला लागतात, "काकू, आता काय पेरायचं?" त्यांच्या मोबाइलवर कुणी बाई हातमोजे घालून बर्फ वितळलेल्या जमिनीत बी टाकत असते. तिच्या गावाला ते बरोबरच आहे. आपल्याकडं वसंतामागून पाऊस येत नाही, ऊन येतं. मार्चात उगवलेलं इवलंसं रोप मूळ खोल जायच्या आत एप्रिलच्या तडाख्यात सापडतं आणि मग आपण दिवसातून तीनदा झारी घेऊन त्याच्यामागं धावतो. म्हणून मी सांगते, पेरायचं ते मृगात. पौष ते वैशाख हे दिवस छाटायचे, वेचायचे, बी धरायचे आणि जे आहे ते राखायचे.

माझं परस वाईतलं. माती काळी, ओली असताना चपलेला धरणारी आणि वाळली की भेगाळणारी. एका बाजूला न्हाणीघराचं पाणी जातं तिथं गवती चहा, पश्चिमेला करवंदाचं कुंपण, मधे फालसा, तुती आणि वाफे. ज्यांच्याकडं फक्त गच्ची आहे त्यांनाही यातलं बहुतेक जमतं. फक्त कुंडी मोठी घ्या, लहान कुंडी उन्हात लवकर तापते.

फालशापासून सुरुवात करते, कारण हे झाड लोक विसरलेत. बाजारात फालसा क्वचित दिसतो, कारण तोडल्यावर एक-दोन दिवसांत मऊ पडतो. व्यापाऱ्याला तो परवडत नाही. घरी लावणाऱ्याला मात्र याच्यासारखं झुडूप नाही. थंडीत याची पानं झडतात, तेव्हाच, म्हणजे पौषात, ते तीन-चार फुटांवर सरळ कापायचं. पहिल्यांदा कापताना हात कचरतो, पण फळ नव्या फुटव्यावरच येतं. जुनी लाकडं ठेवलीत तर उंच झाड मिळेल आणि फळं वर, शिडीच्याही वर. छाटल्यावर बुंध्याभोवती दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि एक भरपूर पाणी. फुटवे निघाले की फेब्रुवारी-मार्चमध्ये पानांच्या बेचक्यात बारीक पिवळी फुलं लागतात. या वेळी पाणी तुटू द्यायचं नाही. एप्रिल-मेमध्ये फळं हिरव्याची लाल, लालाची जांभळट काळी होतात, पण एकदम नाही. एकाच घोसात चार पिकलेली आणि सहा कच्ची. म्हणून दिवसाआड सकाळी वाटी घेऊन फिरायचं आणि दोन बोटांनी हलकं ओढून येईल तेवढंच घ्यायचं. पाण्यात हातानं कुस्करून, गाळून, साखर, काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली की झालं सरबत. मिक्सरला लावू नका, बी फुटलं की तुरट होतं.

तुतीचंही गणित छाटणीचंच. जानेवारीत फांद्या निम्म्यानं कापायच्या, उरलेली पानं हातानं ओरबाडून काढायची आणि पाणी द्यायचं. नव्या कोंबाबरोबरच फळांच्या बारीक हिरव्या कळ्या दिसतात. मार्चात फळं काळी झाली की मग खरी स्पर्धा: बुलबुल पहाटे साडेसहाला हजर, मागून कोकिळा. नायलॉनची जाळी टाकू नका. त्यात पाखरांचे पाय अडकतात आणि ती सोडवताना आपलाही जीव जातो. मी काय करते, तर जुन्या मलमलच्या धोतराच्या आठ बाय बारा इंचाच्या पिशव्या शिवते, तोंडाला नाडी, आणि हाताला येतील त्या खालच्या फांद्यांवर चढवते. मलमलमधून वारा आणि ऊन दोन्ही जातं, फळ घामेजत नाही. वरच्या फांद्या पाखरांच्या. याला कुणी दानधर्म म्हणू नये, वर चढायला माझे गुडघे तयार नाहीत.

छाटणीच्या वेळची एक ताकीद, ही क्लासमध्येही देते: कापडाची कात्री फांदीला लावायची नाही. सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री, वेगळं घ्या, प्रत्येक झाडानंतर त्याचं पातं पुसा. कापलेल्या तुतीच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या फेकू नका. प्रत्येकीला तीन-चार डोळे ठेवून वीतभर तुकडे करा आणि सावलीत, ओल्या वाळूत खुपसून ठेवा. काही आत्ताच फुटतील. ज्यांना खात्रीनं रोपं हवीत त्यांनी पावसाळ्यात काड्या लावाव्यात.

स्ट्रॉबेरीबद्दल थोडक्यात, कारण माझं मत फारसं गोड नाही. वाईहून पसरणीचा घाट चढलं की पाचगणी, साधारण तेराशे मीटरवर. आम्ही खाली, जवळपास निम्म्या उंचीवर. तिथं एप्रिलातही रात्र गार असते, आमच्याकडं नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरात वर शेतकऱ्यांकडून विंटर डॉन नाहीतर स्वीट चार्लीची रोपं मिळतात, ती कुंडीत लावा, होळीपर्यंत खा. फळ चालू असताना जे लांब धावते दोर निघतात ते कापत राहा, नाहीतर रोपाचा जोर तिकडं जातो. फळाखाली वाळलेलं गवत पसरा, मातीला टेकलेलं फळ सडतं. आणि होळीनंतर रोप मलूल व्हायला लागलं की सोडून द्या. उन्हाळाभर त्याला सावली आणि पाणी पुरवून जे दोन-चार जगतात त्यांच्यापेक्षा नवी रोपं स्वस्त पडतात.

टिपारी, हिला काही जण रसभरी म्हणतात, जास्त भरवशाची. पावसाळ्याच्या शेवटी लावलेली रोपं या दिवसांत लदलेली असतात. तोडायची नाहीच. फळावरची कागदासारखी टोपी गवताच्या रंगाची झाली की ते आपणहून खाली पडतं, सकाळी वेचायचं. हिरवी फळं मुलांना खाऊ देऊ नका, कच्ची टिपारी विषारी असते. टोपीसकट टोपलीत ठेवली तर दोन-तीन आठवडे सहज टिकते. बी पुढच्या वर्षासाठी हवं तर सर्वांत मोठी, झाडावरून पडलेली फळं निवडा, पाण्यात कुस्करा, तळाला बसलेलं बी कागदावर वाळवा.

करवंदाच्या कुंपणाला वसंतात कात्री लावायचीच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये फांद्यांच्या टोकांना पांढरी फुलं येतात, संध्याकाळी वास गल्लीपर्यंत जातो. टोकं कापली की फळं गेली. शेजारणीला कुंपण वेडंवाकडं दिसतं, दिसू दे, छाटणी पहिल्या पावसानंतर. चैत्रात हिरवी करवंदं लोणच्याला काढायची. देठातून चिकट पांढरा चीक निघतो, म्हणून तोडल्यावर मिठाच्या पाण्यात टाकून ठेवायची आणि हाताला आधी खोबरेल चोळायचं.

आता दवणा. माझ्या परसातलं वसंताचं खरं पीक हेच. चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीला जोतिबाची यात्रा भरते, देवाला दवणा वाहतात; त्या सुमाराला आमच्याकडं गजरेवाल्याकडंही त्याच्या हिरव्या-करड्या जुड्या दिसतात. घरी करायचा तर तयारी कार्तिकातच लागते, हे आत्ता वाचणाऱ्यांनी पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवावं. बी धुळीएवढं बारीक असतं. ओल्या फडक्यात दोन दिवस गुंडाळून ठेवायचं, मग वाळूत मिसळून वाफ्यावर पसरायचं, वरून माती नको, नुसता हात फिरवायचा. रोपं दीड-दोन महिन्यांची झाली की सहा-सहा इंचांवर लावायची. थंडी, दव आणि कोरडी हवा त्याला मानवते. अवकाळी पाऊस अजिबात नाही. लावणीपासून पुढं पाणी थोडं पण नेमानं. काळ्या मातीत पाणी साचतं, म्हणून मी वाफा वीतभर उंच करते आणि त्यात निम्मी वाळू घालते.

फाल्गुनात त्याला पिवळी गोंड्यासारखी बारीक बोंडं येतात. ती उमलायला लागली की जमिनीपासून चार इंच ठेवून कापायचा, सकाळचं दव उडाल्यावर. ओल्या दवण्याचाही वास छान असतो, पण सावलीत आठवडाभर वाळवल्यावर वास आणखी गोड होतो. जुड्या करून कपाटात साड्यांमध्ये ठेवा. दोन-तीन ताटं मात्र न कापता बियांसाठी सोडा आणि ते बी त्याच वर्षी वापरा. जुनं बी उगवत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

बाकीचे हिरवे मसाले पटापट सांगते. पुदिना होळीला जमिनीपासून दोन इंचांवर कापा, एक बोट खताचा थर द्या आणि कुंडी उत्तरेच्या भिंतीशी सरकवा. कोथिंबीर आता पानांसाठी नीट होत नाही, लगेच फुलावर जाते. धणे पायाखाली रगडून दर पंधरा दिवसांनी जाळीच्या सावलीत थोडे थोडे टाकत राहिलात तर डाळीपुरती मिळेल. जुना वाफा मात्र उपटू नका. त्याची पांढरी छत्रीसारखी फुलं म्हणजे मधमाश्यांची पंगत. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथं पेट्यांमधून पाळतात ती सातेरी माशी कोथिंबिरीच्या फुलावर माझ्याकडंही येते. फुलं झाल्यावर धणे आपल्यालाच. सब्ज्याच्या मंजिऱ्या वाळून तपकिरी झाल्या असतील तर आत्ताच कापा, हातावर चोळा, सुपात पाखडा. फालुद्याला आणि सरबताला घरचं बी. पानांच्या ओव्याची फांदी कधीही खोचा, तो मरायचं नाव घेत नाही. गवती चहा विभागायचा तो पावसाळ्यात, आता फक्त वाळकी पानं कापून तो मोकळा करा.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी एखादी अळी बसलेली असते. ती फुलपाखराची आहे. झाड मोठं असेल तर तिला राहू द्या, ती खाऊन खाऊन किती खाणार.

रानफुलांबाबत लोकांची फार घाई असते. कासच्या पठारावर सप्टेंबरात फोटो काढून आले की "तिथलं बी मिळेल का" म्हणून विचारतात. मिळणार नाही आणि आणूही नका. ते राखीव वन आहे, २०१२ पासून जागतिक वारशात आहे. शिवाय ती फुलं कातळावरच्या बोटभर मातीची आणि सततच्या धुक्याची, तुमच्या कुंडीत ती आठवडाही काढणार नाहीत. आपल्या बांधावरचा तेरडा, रस्त्याकडेची सोनकी यांचं बी दिवाळीच्या आसपास गोळा केलं असेल तर ते या दिवसांत फक्त जपायचं. कागदी पाकिटात, प्लास्टिकमध्ये नाही. वर नाव आणि महिना. सोबत दोन कडुनिंबाची वाळकी पानं. पाकिटं मुंग्या लागणार नाहीत अशा डब्यात आणि डबा फ्रिजच्या वर नाही, तिथं गरम असतं.

वसंतात फुलणारं रानातलं हवं असेल तर कुसर लावा. ही आपल्या सह्याद्रीतली रानजाई, मार्चपासून पांढऱ्या फुलांनी भरते, संध्याकाळी वास येतो. रोप जंगलातून उपटू नका, देशी झाडांच्या रोपवाटिकेत मागा, आणि लावा पावसाळ्यात. लाल धायटीही तशीच, झुडूप कडक उन्हात फुलतं आणि शिंजीर पाखरं तिच्यावर दिवसभर लोंबकळतात. आणि तुमच्या अंगणात आपोआप उगवलेली एकदांडी खुरप्यानं काढून टाकायच्या आधी बघा, या रखरखीत दिवसांत फुलपाखरं कशावर बसतात ते. मी एक कोपरा तिला दिलाय. कळलावीची कुंडी मात्र आता पूर्ण कोरडी ठेवा. वर काही दिसत नाही म्हणून लोक त्यात पाणी घालतात आणि आत कंद कुजतो. कंद विषारी आहे, मुलांच्या हातात जाऊ देऊ नका.

पाण्याचं. वाफ्यात दोन-दोन फुटांवर साधी, भाजून काळी न केलेली, बिनरंगाची लाल मडकी गळ्यापर्यंत पुरा, तोंडावर झाकणी ठेवा, नाहीतर डास. मडक्यातून पाणी झिरपतं ते माती ओढेल तेवढंच. फालशाला आणि पुदिन्याला याचा फार उपयोग होतो. दोन-तीन वर्षांनी झिरपणं मंदावलं की मडकं काढून काथ्यानं घासा. वरून उसाचं पाचट तीन-चार बोटं जाड पसरा, पण खोडापासून दोन इंच लांब, नाहीतर वाळवी चढते. बाकीचं पाणी पहाटे, बुंध्याशी. पश्चिमेकडून पन्नास टक्क्यांची हिरवी जाळी; नसेल तर जुनी सुती साडी दुहेरी करून बांधा, तेवढंच काम करते.

खत म्हणून या दिवसांत मी फक्त जीवामृत देते. घरगुती माप: दहा लिटर पाणी, अर्धा किलो ताजं देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन, मूठभर बांधावरची माती. सावलीत झाकून ठेवा, रोज दोनदा काठीनं ढवळा, दोन-तीन दिवसांनी गाळून दहापट पाण्यात द्या, आठवड्याच्या आत संपवा. कडक उन्हात कोरड्या मातीवर कधीही नाही, आधी साधं पाणी.

मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पानांच्या खाली लाल कोळी धरतो, पानं फिकट ठिपकेदार होतात. दोन दिवस सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोराचा फवारा मारा, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं. पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, दिसला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण, संध्याकाळी, मधमाश्या घरी गेल्यावर.

वैशाखात करवंदं काळी होतात. खाताना बिया थुंकू नका, वाटीत जमवा. करवंदाचं बी फार दिवस जिवंत राहत नाही, म्हणून पाकिटात घालून ठेवण्यात अर्थ नाही. गर धुऊन त्याच आठवड्यात पिशव्यांमध्ये लावा, सावलीत ठेवा आणि वळवाचा पाऊस आला की बाहेर काढा.