यूएसबीला लावलेल्या एसएसडीवरून कॉम्प्युटर फार उशिरा सुरू होतो? माझा अनुभव

रावेरला आमचं खतांचं दुकान आहे. हार्डडिस्क गेली म्हणून उबुंटू (विंडोजसारखी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) बाहेरच्या डबीतल्या (केसमधल्या) एसएसडीवर, म्हणजे चिपवर डेटा साठवणाऱ्या वेगवान डिस्कवर टाकून ती यूएसबीने जोडली. बटण दाबल्यापासून लॉगिनपर्यंत सव्वादोन मिनिटं! केबल बदलली, उबुंटू पुन्हा टाकलं, काही फरक नाही. गिऱ्हाईक समोर उभं असताना जीव नुसता कासावीस व्हायचा.

मूळ दोष पोर्टचा होता. पुढचा काळा पोर्ट यूएसबी २.०, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ४८० मेगाबिट. मागच्या निळ्या पोर्टला (सेकंदाला ५ गिगाबिट) लावल्यावर ५० सेकंद. पण खरा उपाय म्हणजे एसएसडी कॉम्प्युटरच्या आतच लावणं.

कॉम्प्युटर बंद करून प्लग काढा, पॉवर बटण पाच सेकंद दाबून धरा. एसएसडीची डबी उघडून ती बाहेर काढा. आत साधी अडीच इंची साटा (कॉम्प्युटरच्या आत डिस्क जोडायची नेहमीची पद्धत) एसएसडी निघाली तरच पुढे जा. डीव्हीडी ड्राइव्हची पॉवर वायर तिला लावा, डेटा केबल मात्र मदरबोर्डवर ६ गिगाबिट लिहिलेल्या साटा पोर्टलाच. जुन्या बोर्डावर शेजारीच ३ गिगाबिटचेही असतात. मग बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआय (साटा डिस्क चालवायची पद्धत), बूट क्रमात (आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं त्या यादीत) एसएसडी पहिली, सेव्ह.

उबुंटू पुन्हा टाकावं लागलं नाही. आता २४ सेकंद.