पेग नको, ग्रॅम मोजा

मे महिन्यात चाकरमानी गावाला आले की खळ्यात बैठक बसते आणि कोणीतरी बोलतोच, मी फक्त बियर घेतो, दारू नाय पित. त्याला हे गणित करायला लावा. बाटलीवरचे मिली गुणिले टक्के, भागिले 100, मग गुणिले 0.8, झाले अल्कोहोलचे ग्रॅम. 8 टक्केवाली 650 मिलीची स्ट्राँग बियर म्हणजे जवळजवळ 42 ग्रॅम, आणि व्हिस्कीचा 30 मिलीचा पेग साधारण 10 ग्रॅम, म्हणजे एका बाटलीत चार पेग गेले की! माडीला, म्हणजे माडाच्या ताडीला, हे गणित लागू नाही, सकाळी गोड असते आणि ऊन वर येईल तशी आंबून कडक होत जाते.

आता वेळ बघा. लिव्हर तासाला साधारण एक पेग संपवतं, त्याला घाई करता येत नाही, लिंबूपाणी घ्या नायतर विहिरीवर चार बादल्या ओता. रात्री 12 ला व्हिस्कीची क्वार्टर (180 मिली) संपवली तर ते 60 ग्रॅम, सकाळी 5 ला मुंबईला निघालात तर झोप झालेली असते पण दारू उतरलेली नसते आणि पुढे कशेडी घाट असतो. कायद्याने 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम अल्कोहोलच्या वर गेलात की गुन्हा, पण नजर आणि ब्रेकवरचा पाय त्याच्या आधीच ढिला पडतो. गाडीच कशाला, घेऊन खडकावर गरी टाकायला जाणं पण तेवढंच वाईट, लाट वर चढलेली कळेपर्यंत उशीर होतो.

आजाराचं तसं नाय, तो गुपचूप वर्षांची बेरीज करतो. दारूमुळे कॅन्सर होतो हे 1988 पासून मान्य आहे, तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, आतडं, आणि बायकांमध्ये स्तनाचा, तो तर थोडी घेतली तरी. बीपी वाढतो, टीबीचा धोका वाढतो. झोपेच्या गोळीबरोबर तर घेऊच नका, श्वास मंदावतो.

एक महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक बंद केली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येते, भास होतात. आपल्याकडे लगेच बाधा झाली म्हणतात. देवाला गाऱ्हाणं घाला हवं तर, पण आधी गाडी काढून सरकारी दवाखान्यात न्या, जीव जाऊ शकतो. सोडायची असेल तर डॉक्टरला विचारून, सुरुवातीला बोलायला 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फ्री नंबर आहे, मराठीत बोलता येतं.