घडीच्या चाकूचं पातं डुगडुगतंय?

आधी पात्याला चिकटपट्टी गुंडाळा, बोटं महत्त्वाची. सांध्यातली घाण रॉकेलने धुऊन तेलाचा थेंब सोडा. ऐरणीवर किंवा जाड लोखंडी ठोकळ्यावर रिव्हेटचं (पातं ज्या खिळ्यावर फिरतं त्याचं) खालचं डोकं नीट टेकवा आणि छोट्या, गोल तोंडाच्या हातोडीने वरच्या डोक्यावर टिचकीइतके हलके ठोके द्या. दोन-तीन ठोके झाले की उघडून-मिटून बघा. घाई केलीत तर पातं नखाने उघडणार नाही इतकं आवळतं. मग तेल सोडून उघड-मीट करत बसा. लाकडी किंवा शिंगाच्या मुठीवर हातोडी घसरली तर तडा नक्की (माझी एक मूठ अशीच गेली). हे सगळं आडव्या हलण्यासाठी. पातं वर-खाली हलत असेल तर बहुधा भोकच झिजलेलं असतं, तिथे ठोकून काही होत नाही.