फॅक्स सॉफ्टवेअरसाठी मोडेम निवडताना: खोक्यावरचा आकडा सोडा, मोडेमलाच विचारा

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एका फाउंड्रीत मी कॉम्प्युटरची देखभाल बघायचो. त्यांच्या जपानी गिऱ्हाइकाच्या ऑर्डरी फॅक्सने यायच्या, सहीशिक्क्यासकट. जुने फॅक्स मशीन बंद पडले, तेव्हा मालक म्हणाले, "आता कॉम्प्युटरवरच घ्या की." मी कॉम्प्युटरच्या आत बसणारे एक स्वस्त मोडेम कार्ड आणले. खोक्यावर ठळक लिहिले होते, '५६के फॅक्स मोडेम'. नंबर फिरायचा, पलीकडून शिट्टी यायची, खरखर व्हायची आणि तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला लाइन तुटायची. त्यात दोन दिवस गेले आणि एका ऑर्डरची तारीख हुकली. मोडेम पैसे देण्याआधी कसा पारखायचा, ते मी त्या दोन दिवसांत शिकलो.

पायरी १: आधी सॉफ्टवेअर काय मागते ते बघा

बहुतेक जण आधी मोडेम घेतात आणि मग सॉफ्टवेअर शोधतात. हा क्रम उलटा करा. सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेत 'फॅक्स क्लास' हा शब्द शोधा आणि तिथे दिलेला क्लास लिहून घ्या. मोडेमचा मेळ बसतो की नाही, हे बहुतांशी इथेच ठरते.

दोन फॅक्स एकमेकांशी बोलतात ते टी.३० नावाच्या नियमांनी. कोण बोलतंय, वेग किती, पान नीट पोहोचले का, ही सगळी बोलणी त्यात येतात. ती कोणी करायची, यावरून क्लास ठरतो. क्लास १ मध्ये मोडेम फक्त आवाज काढतो आणि ऐकतो, बाकी सगळे कॉम्प्युटर सांभाळतो. क्लास २ आणि क्लास २.० मध्ये बोलणी मोडेम स्वतः करतो.

क्लास २ आणि क्लास २.० ही एकाच गोष्टीची जुनी-नवी आवृत्ती नव्हे. क्लास २ हा मानकाचा कच्चा मसुदा होता. तो पक्का होण्याआधीच कंपन्यांनी मोडेम बाजारात आणले. पक्के झालेले मानक म्हणजे २.०, आणि त्याच्या आज्ञा वेगळ्या आहेत. सॉफ्टवेअर २.० मागत असेल आणि मोडेम फक्त २ देत असेल, तर जमणार नाही.

माझा कल क्लास १ कडे आहे. त्यात चूक-दुरुस्तीची सोय, म्हणजे ईसीएम, सॉफ्टवेअरच्या हातात असते आणि मोडेमच्या कंपनीने केलेल्या करामती कमी आडव्या येतात. मात्र क्लास १ ला वेळेचे बंधन कडक असते. एक सिग्नल संपून दुसरा सुरू होण्यात ७५ मिलिसेकंदांचे अंतर ठेवायचे आणि तेही २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त मागेपुढे होऊ द्यायचे नाही. म्हणून क्लास १ चा मोडेम व्हर्च्युअल मशीनमध्ये (एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) किंवा आधीच धापा टाकणाऱ्या जुन्या पीसीवर लावू नका.

पायरी २: तुमची लाइन ओळखा

तांब्याची जुनी लँडलाइन असेल तर तुम्ही नशीबवान. तिच्यावरच ब्रॉडबँड चालत असेल, तर मोडेमच्या आधी स्प्लिटर, म्हणजे फोन आणि इंटरनेटचे सिग्नल वेगळे करणारी डबी, लावा, नाहीतर पानावर रेघा येतात.

आता मात्र बऱ्याच ठिकाणी फायबर आले आहे आणि फोन त्या भिंतीवरच्या डब्यातून निघतो. तिथे आवाजाचे तुकडे होऊन इंटरनेटच्या मार्गाने जातात. माणसाच्या बोलण्यात एखादा तुकडा गळला तर कळतही नाही, फॅक्सचे मात्र पान जाते. टी.३८ चालू आहे का, हे सेवा देणाऱ्याला विचारा. फॅक्स अशा मार्गाने नेण्यासाठीच ते बनले आहे. नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये वेग ९,६०० बिट प्रतिसेकंदावर आणा. वेळ जास्त लागेल, पण पान पूर्ण पोहोचण्याची शक्यता वाढेल.

ऑफिसात इंटरकॉम असेल, तर त्याच्या डिजिटल एक्स्टेन्शनला मोडेम जोडू नका, जळू शकतो. साधी ॲनालॉग लाइन वेगळी काढून घ्या. कॉल वेटिंगही बंद करा. त्याची एक टुकटुक अर्धा फॅक्स तोडते.

पायरी ३: दुकानात काय मागायचे

नुसते 'मोडेम द्या' म्हणालात, तर समोर वायफायचा राऊटर किंवा सिमकार्डचा डोंगल येईल. त्यांचा इथे उपयोग नाही. 'टेलिफोन लाइनचा डायल-अप फॅक्स मोडेम' असे पूर्ण सांगा. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली पालथी घालणार असाल, तर वापरलेला मोडेमही चालेल, पण न चालल्यास परत घेण्याच्या बोलीवरच घ्या.

खोक्यावरच्या ५६के या आकड्यावर जाऊ नका. तो डायल-अप इंटरनेटचा वेग आहे, फॅक्सचा त्याच्याशी संबंध नाही. साधा फॅक्स जास्तीत जास्त १४,४०० बिट प्रतिसेकंद वेगाने जातो. खोक्यावर त्याची खूण व्ही.१७ अशी असते. ३३,६०० वेगाचे फॅक्सही असतात, पण त्यासाठी दोन्ही टोकांचे मोडेम आणि सॉफ्टवेअर, सगळ्यांनीच तो पेलायला हवा. टाइप केलेल्या साध्या पानाला १४,४०० वर साधारण अर्धा ते एक मिनिट लागते. रोजच्या कामाला तेवढे भरपूर झाले.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मोडेमला स्वतःचा कंट्रोलर आहे का, ते विचारा. माझे ते कार्ड 'सॉफ्ट मोडेम' होते. त्यात मेंदू नसतो, सगळे काम कॉम्प्युटरचा प्रोसेसर ड्रायव्हरमार्फत करतो. विंडोज बदलले आणि ड्रायव्हर मिळाला नाही, की त्या कार्डाचा पत्रा होतो. म्हणून बाहेरून जोडायचा, कंट्रोलर असलेला मोडेम घ्या. सिरियल पोर्टचा मिळाला तर उत्तम, त्याच्या दिव्यांवरून गाडी कुठे अडली ते दिसते. यूएसबीचाही चालतो, फक्त हबमध्ये न लावता थेट कॉम्प्युटरला लावा.

पायरी ४: मोडेमशी बोला

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, मोडेमच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डायग्नोस्टिक्स' या टॅबवर जा आणि 'क्वेरी मोडेम' दाबा. खाली प्रश्नोत्तरांची यादी येते. त्यात फक्त एक ओळ शोधा. फोनवर सांगतो तशी सांगतो: ए, टी, अधिकचे चिन्ह, एफ, सी, एल, ए, एस, एस, बरोबरचे चिन्ह आणि प्रश्नचिन्ह. लिनक्सवाल्यांनी किंवा मोडेमला थेट आज्ञा देण्यासाठी पुट्टी नावाचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी हीच ओळ इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर मारावे.

उत्तर असे येईल: ०, १, २, ८. शून्य म्हणजे डेटा, आठ म्हणजे आवाज, मधले आकडे फॅक्सचे क्लास. पहिल्या पायरीत लिहून घेतलेला क्लास या उत्तरात दिसला, तर खुशाल पैसे द्या. नुसते शून्य आले किंवा 'एरर' आले, तर खोक्यावर काहीही छापलेले असो, मोडेम परत करा. दुकानदाराच्या लॅपटॉपवर हे दोन मिनिटांचे काम आहे.

घरी आणल्यावर 'नो डायलटोन' असे आले तर घाबरू नका. अमेरिकेसाठी बसवलेल्या मोडेमला आपला डायलटोन ओळखू येत नाही, कारण दोन्हीकडची कंपने वेगळी आहेत. आधी सेटिंगमध्ये देश भारत करा. तरीही हटला नाही, तर त्याच प्रॉपर्टीजमधल्या 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर जादा आज्ञांच्या रकान्यात इंग्रजी एक्स आणि ३ लिहा. मग तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो, लाइन बिझी असली तर मात्र ओळखतो.

पायरी ५: गोल शिक्क्याची चाचणी

कोरे पान पाठवून काही कळत नाही. ज्या कागदावर बारीक टाइप, सही आणि ऑफिसचा गोल शिक्का आहे असा कागद घ्या, त्याच्या पाच प्रती करून ओळखीच्या नंबरवर पाठवा, आणि त्यांनाही तसाच परत पाठवायला सांगा. पाठवणे जमते आणि घेताना अडते, असे फार वेळा होते. आलेल्या पानावर शिक्क्याची कड बघा. ओळी गळाल्या असतील तर वर्तुळ मध्येच दबलेले किंवा तुटलेले दिसते. अक्षरांत ते पटकन लक्षात येत नाही. तसे दिसले तर ईसीएम चालू आहे का ते बघा, आणि वेग एक पायरी खाली आणा.

शिरोलीत शेवटी कंट्रोलर असलेला सिरियल मोडेम बसवला, क्लास १ वर. त्याच्या पाठीवर मी एक चिठ्ठी चिकटवली: क्लास, वेग, पोर्टचा नंबर आणि बसवल्याची तारीख. टेलिफोनच्या वायरीवर विजेपासून बचावाचा छोटा डबा लावला. वळवात विजा कडाडायला लागल्या, की वॉचमन ती वायर काढून ठेवतो.