गावात माहितीपटांचा दिवस भरवायचा असेल तर

सातारा जिल्ह्यातल्या दहिवडीच्या आमच्या वाचनालयात गेली चार वर्षं डिसेंबरातला एक रविवार आम्ही माहितीपटांसाठी ठेवतो. आजूबाजूच्या गावांतून "आम्हालाही करायचंय, काय काय लागतं?" असे फोन येतात, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

फिल्म चारच निवडा. पहिल्या वर्षी आम्ही नऊ लावल्या होत्या. त्यातली एक कॉलेजच्या मुलांनी मोबाइलवर केलेली, म्हसवडकडच्या घोंगडी विणणाऱ्यांवरची, बारा मिनिटांची. ती संपली आणि सतरंजीवर बसलेले एक आजोबा उठले. "खळ अशी लावत नाहीत पोरांनो," म्हणाले, आणि हवेतच हात फिरवून दाखवायला लागले. चिंचोक्याची खळ ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना लावायची, कुंच्यानं, आणि सूत कडक होईतो ऊन द्यायचं. माणसं पुढे सरकून ऐकत होती, आणि मी घड्याळ बघून पुढची फिल्म लावली. त्याची चुटपुट अजून आहे. तेव्हापासून वीस मिनिटांच्या फिल्मनंतर निदान अर्धा तास बोलायला ठेवतो. माहितीपट एकट्यानं फोनवरही बघता येतो. गावानं एकत्र बसून बघायचा तो याच अर्ध्या तासासाठी.

परवानगीचं काम दोन महिने आधी सुरू करा. फिल्म यूट्यूबवर आहे म्हणजे सगळ्यांसमोर दाखवायची मोकळीक आहे, असं नसतं. दिग्दर्शकाला सरळ पत्र लिहा: गाव कुठलं, माणसं किती, तिकीट आहे की नाही. बरेच जण आनंदानं हो म्हणतात. कुणी मानधन मागितलं तर द्यावं, त्यांचं पोट त्यावर आहे. १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार जाहीर खेळाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. ते आहे का विचारा, प्रत फाइलला लावा. नसेल तर सरकारकडून सूट घ्यावी लागते आणि त्याला वेळ जातो. लाउडस्पीकरचा अर्ज पोलीस ठाण्यात द्या, रात्री दहाच्या आत आवाज बंद.

आता अंधार. पत्र्याच्या हॉलमध्ये दिवसा हीच खरी अडचण. आदल्या दिवशी सकाळी अकराला आत जा, दारं-खिडक्या लावा आणि पाच मिनिटं नुसते उभे राहा. डोळे सरावले की पत्र्याची भोकं, खिडकीच्या फटी, दाराखालची उजेडाची पट्टी, सगळं दिसायला लागतं. तिथे तिथे काळं कापड आणि चिकटपट्टी. एवढं केलं तर तीन हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर आठ फुटी पडद्याला पुरतो. प्रोजेक्टर दिव्याचा असेल तर मध्ये यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ वीज पुरवणारी पेटी, हवीच. वीज गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा उडतो.

चित्र फिकट असलं तर लोक चालवून घेतात. बोलणं कळलं नाही तर उठून जातात. मंडपवाल्याचे मोठे बॉक्स नकोत, त्यातून नुसता धमधमाट येतो. दोन लहान स्पीकर डोक्याच्या वर बांधा, बेस (जाड, घुमणारा आवाज) कमी करा. गुणगुण ऐकू येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा तिथेच थांबते.

परभाषेतल्या फिल्मला मराठी सबटायटल आम्ही स्वतः करतो, अर्थात दिग्दर्शकाला विचारून. सबटायटलची फाइल यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची एक पद्धत) मध्ये जतन करा, नाहीतर पडद्यावर अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं येतात. तिचं नाव फिल्मच्या फाइलसारखंच ठेवा. ज्यांना वाचता येत नाही त्या आज्यांना एका कोपऱ्यात बसवतो आणि अकरावीतली एक मुलगी त्यांच्यात बसून हळू आवाजात वाचून दाखवते. गेल्या वर्षी त्या कोपऱ्यातूनच सगळ्यात जास्त प्रश्न आले.

वेळ गावाच्या कामाप्रमाणे लावा. आमच्याकडे पाचला धारा असतात, मग डेअरीला दूध घालायचं असतं. म्हणून पाच ते साडेसहा सुट्टी. शेवटची फिल्म अंगणात, सातला. डिसेंबरात तोवर चांगला काळोख होतो. पुसेगावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा पाहिलेली म्हातारी माणसं या खेळाला हटकून येतात, घोंगडी पांघरून.

सत्कार आणि दीपप्रज्वलन ठेवू नका, त्यात तास जातो. स्टेजही नको. माइक सतरंजीवर फिरू द्या. "कशी वाटली?" विचारलं की "छान" एवढंच उत्तर येतं. "हे आपल्याकडे कसं करतात?" असं विचारा आणि गप्प बसा. पहिलं मिनिट कुणीच बोलत नाही. ते मिनिट भरून काढायला जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला कळवा: किती माणसं होती, काय काय बोलली, त्यांच्याच शब्दांत. त्या आजोबांचं म्हणणं मी असंच लिहून कॉलेजच्या मुलांना दिलं होतं. मुलं पुढच्या आठवड्यात कॅमेरा घेऊन त्यांच्या हातमागाशी गेली. नवी फिल्म एकोणीस मिनिटांची झाली आहे, त्यातली सात मिनिटं नुसती खळ. या डिसेंबरात सकाळी पहिली तीच लावणार आहोत.